पोत्याआडचा गॅसचा फ्रीज

मला गॅसची भीती वाटते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर हसायची मुभाही सगळ्यांना होती. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, वर्गासमोर कधी पाय लटपटले नाहीत. पण शेगडीचं बटण फिरवताना हात अजून आखडतो. सिलिंडर बदलायचं झालं तर मी शेजारणीला हाक मारते. निजण्याआधी रेग्युलेटर बंद आहे का ते दोनदा पाहते, आणि अंथरुणावर पडल्यावर उठून पुन्हा एकदा पाहते.

माझा धाकटा भाऊ नेमका उलटा होता. त्याला जाऊन आता चार महिने होत आले. त्याच्याबद्दल लिहायला बसले की दुसरं काही सुचत नाही, सहा वर्षांपूर्वीची ती एक मे महिन्यातली दुपारच समोर येते. म्हणून आधी तीच लिहून काढते.

तो यंत्रांचा माणूस होता. जमिनीखालचा कोळसा शोधणाऱ्या एका कंपनीच्या ड्रिलिंग कॅम्पवर तो मशिनी दुरुस्त करायचा. महिनोन्‌महिने जंगलात तंबूत राहायचा आणि सुट्टीवर घरी आला की दोन दिवसांत कंटाळायचा. पुढे तो कॅम्प उठला. तिथलं भंगार विकायला निघालं, त्यातून त्यानं एक फ्रीज आणला. पत्र्याच्या पेटीएवढा, वरून झाकण उघडणारा, मूळचा पांढरा पण उन्हानं पिवळा पडलेला. त्याला वीज लागत नव्हती. मागच्या अंगाला खाली एक बारीकसा बर्नर होता. त्याला रबरी नळीनं पाच किलोचं सिलिंडर जोडायचं आणि ज्योत पेटवायची. ती करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत वरची नळी तापवत राहायची, नळीतलं अमोनियाचं पाणी तापून आतल्या आत फिरायचं, आणि पेटी हळूहळू थंड व्हायची. हे त्यानं मला तीनदा समजावून सांगितलं. मला ते समजलं, पण पटलं नाही. आग लावून गारवा आणायचा, यात कुठेतरी फसवणूक आहे असं मला वाटत राहिलं.

दर मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिघं, म्हणजे भाऊ, भावजय आणि मी, आठ दिवस जंगलात मुक्कामाला जायचो. सावली या तालुक्याच्या गावापुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात आणि जंगल लागतं, तिथल्या एका लहानशा गावाबाहेर तलाव आहे. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमचे दोन तंबू लागायचे. भाऊ गळ टाकून बसायचा, भावजय मोहाच्या सावलीत चूल मांडायची आणि मी वाचायची. तंबू रात्री आणि सकाळ-संध्याकाळपुरतेच. दुपारी त्यांत पाऊल ठेवणं शक्य नसायचं, कापड हाताला चटका द्यायचं. दुपारसाठी गावातल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला त्याची मातीची खोली दिली होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात पानं मोजून घेणारा मुनशी त्या खोलीत राहायचा. हंगाम आटोपला की ती रिकामीच असायची. एक दार, एक खिडकी, वर कवेलू म्हणजे कौलं, कवेलूखाली बांबूचा ताटवा आणि त्यावर मातीचा गिलावा. दाराला फळ्या नव्हत्या. दारावर गोणपाट टांगायचं, त्यावर पाणी मारायचं आणि आत अंधारात पडून राहायचं. आमच्याकडे मे महिन्यातली दुपार अशीच काढतात.

आधीच्या वर्षी फ्रीज नव्हता तेव्हा दूध दुपारपर्यंत फाटायचं, सांबार, म्हणजे कोथिंबीर, सकाळी आणला की संध्याकाळी वाळलेल्या गवतासारखा व्हायचा, आणि भावानं पकडलेली मासळी त्याच दिवशी संपवावी लागायची. त्या वर्षी पहिल्याच दिवशी त्यानं जांभळीच्या सावलीत फ्रीज मांडला. तो अगदी सपाट बसायला हवा, जरा कलला तरी थंड करत नाही. त्यानं झाकणावर बशीत पाणी ठेवलं आणि पाणी चहूबाजूंनी काठाला सारखं लागेपर्यंत खाली दगडाच्या चिपा सारत बसला. मग पोटावर आडवा होऊन त्यानं ज्योत पेटवली. मी वीस पावलं लांब उभी होते.

संध्याकाळी त्यानं खोलीच्या मालकाला थंडगार ताक दिलं. म्हातारा शेळ्या घेऊन पाळीवर यायचा, उंच, काटक, फार बोलणारा नव्हे. त्यानं ताक प्यायलं, फ्रीजच्या मागे वाकून ती निळी ज्योत बराच वेळ पाहिली.

"आग लावून थंडं करून राह्यले," तो म्हणाला. "मंग आमी हिवाळ्यात शेकोटी काऊन पेटवतो गा?"

भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "इतवारी बरफ खाऊ घालतो तुमाले, मंग बोला."

त्या बर्फापायी सगळं झालं. जांभळीखाली सावली असली तरी हवा भट्टीसारखी होती. अशा हवेत तो फ्रीज ताक गार करायचा, भाजी टिकवायचा, मासळीसुद्धा एक दिवस राहायची, पण पाणी काही गोठेना. भावानं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ठरवलं की फ्रीज मातीच्या खोलीत न्यायचा. आत गार असतं, तिथे बर्फ धरेल. मी म्हटलं, निजतो त्या खोलीत सिलिंडर नको. तो म्हणाला, घरी स्वयंपाकघरात काय असतं मग? आमच्या दोघांच्याही घरी स्वयंपाकघर आणि निजायची जागा यांत एक पडदाच होता. फ्रीज आत गेला. खिडकीखालच्या कोपऱ्यात चिपा लावून, बशीतल्या पाण्यानं सपाटी पाहून, नीट बसला.

त्या दुपारी आम्ही तिघंही आत पडलो. गोणपाट ओलं होतं, खोलीत दाट हिरवट अंधार होता. मला झोप लागली ती जड, पाण्यात बुडाल्यासारखी. जाग आली तेव्हा कपाळाभोवती कोणी दोरी आवळली आहे असं वाटत होतं, आणि आंबूस, गोड वास येत होता. मी घाबरून भावाला हलवलं. गॅस गळतोय म्हटलं. तो उठला, साबणाचं पाणी केलं, नळीला आणि सांध्यांना बोटानं लावलं. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यानं कोपऱ्यातली टोपली उचलून माझ्या नाकाखाली धरली. म्हाताऱ्यानं साठवून ठेवलेली मोहाची फुलं होती ती, ओल लागून आंबलेली.

"बाई, तुले वास नाई येत," तो म्हणाला. "तुले भेव येते."

संध्याकाळी त्यानं हे म्हाताऱ्याला सांगितलं, आणि शेळ्या परत नेताना म्हातारा तंबूशी थांबून मला म्हणाला, "मास्तरीणबाई, उद्या कोनचा गॅस येनार आहे?" भावजयही तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. हसण्यावारी नेणं मला जमतं, नोकरीत शिकले होते. पण आतून फार लागलं. आता पुन्हा काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं.

संध्याकाळी बाहेरच्या वाऱ्यावर माझं डोकं दुखायचं थांबलं. ही गोष्ट मी तेव्हा पाहिली आणि सोडून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी फ्रीजमधलं दूध आणायला मी खोलीत गेले. फ्रीजच्या मागे पाहायची मला हिंमत नसायची, पण त्या दिवशी भिंतीवर काहीतरी काळं दिसलं म्हणून वाकले. मातीच्या भिंतीवर काजळीचा हातभर पट्टा उमटला होता. खालची ज्योत निळी नव्हती. पिवळी होती, आणि जिभेसारखी लांब होऊन वळवळत होती. मी भावाला सांगितलं, अगदी सहज, जणू मला त्याचं काही वाटत नाही अशा आवाजात. तो गळाला आमिष लावत होता. म्हणाला, दारातून वारा लागत असेल, दुपारी दार नीट झाकू.

भावजय सकाळभर त्याच खोलीत होती. बाहेर झळा सुटल्या म्हणून तिनं बरोबर आणलेला रॉकेलचा स्टोव्ह आत घेऊन स्वयंपाक केला होता. दहाच्या सुमाराला ती बाहेर आली आणि जांभळीच्या बुंध्याशी बसून ओकली. डोकं फुटतंय म्हणाली, पायांत जीव नाही म्हणाली. आम्हा दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला. ऊन लागलं.

आमच्या भागात मे महिन्यात माणसाला दुसरं काही होत नाही. डोकं दुखलं तर ऊन, उलटी झाली तर ऊन, चक्कर आली तर ऊन. आणि उन्हावरचा इलाज लहान पोरालाही पाठ असतो. भावानं कैरी भाजून पन्हं केलं. मी कांदा किसून तिच्या तळपायांना चोळला. मग तिला गारव्याला निजवायचं म्हणून आम्ही तिला उचलून परत त्याच खोलीत नेलं. खिडकीतून झळ येते म्हणून भावानं पळसाच्या पानांचा भारा खिडकीत दाबून बसवला. दारावर एक गोणपाट होतं तिथे दोन केली. मी विहिरीचं पाणी आणून ती चिंब भिजवली. सगळं मायेनं केलं. जिथे तिचा जीव जात होता तिथेच आम्ही तिला जपून ठेवलं, आणि हवेच्या येण्याजाण्याच्या वाटा एकेक करून बुजवल्या.

मी शिकलेली बाई. कोंदट खोलीत शेगडी पेटवून निजलेली माणसं सकाळी मेलेली सापडतात, हे मी कितीदा पेपरात वाचलं होतं. शाळेत मुलांना बजावलंही होतं. पण ती बातमी हिवाळ्यातली असते. ती माझ्या डोक्यात दाट धुकं, कानटोपी आणि गोधडी यांच्याशेजारी ठेवलेली होती. मे महिन्यात कोणी धुरानं मरत नाही. आणि धूर तरी कुठे होता? ज्या गॅसला मी जन्मभर भीत आले त्याला वास असतो. हा दुसरा होता, ज्योत अर्धवट जळली की होणारा, याला वास नसतो.

जेवण झाल्यावर भाऊही आत गेला. तिच्याजवळ बसतो म्हणाला, आणि पाचच मिनिटांत त्याचं घोरणं सुरू झालं. मी बाहेर थांबले. डोक्यावर ओला पंचा घेतला, जांभळीला टेकून पुस्तक उघडलं. सिलिंडर असलेल्या खोलीत मी निजणार नाही, हे कारण मी त्याला सांगितलं नाही. आत अंधारात वाचता येत नाही म्हटलं.

त्याचं घोरणं दूरवर ऐकू जायचं. लहानपणापासून मी त्याला त्यावरून चिडवत आले होते. जांभळीखालून ते स्पष्ट ऐकू येत होतं, आणि मी ते ऐकत वाचत होते. मग केव्हातरी माझ्या लक्षात आलं की आपण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो आहोत आणि ऐकू काहीच येत नाही. तलावावर एकही पक्षी नव्हता. पाळीवर हवा थरथरत होती. मी कान दिला. घोरणं नव्हतं.

कूस बदलली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वाट पाहिली. पुन्हा सुरू झालं नाही.

मी उठून दाराशी गेले. गोणपाट वाळत आलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज काढला नाही. आत नवरा-बायको निजलेली, ती आजारी, आताच तिला डोळा लागला असेल. असं निजलेल्यांच्या दाराचं पोतं मोठ्या बहिणीनं बाजूला सारायचं नसतं. पण खरं सांगायचं तर मला रीत अडवत नव्हती. मला आदल्या दिवशीची मोहाची टोपली दिसत होती. तो डोळे चोळत उठेल, माझ्याकडे पाहील आणि म्हणेल, आज कोणता वास आला, बाई? संध्याकाळी म्हाताऱ्याला सांगेल. घरी गेल्यावर सगळ्यांना सांगेल. मी मागे फिरले.

जांभळीपाशी पोचले आणि बसवलं नाही. मग मी जे केलं ते सहा वर्षं कोणाला सांगितलं नाही. दाराशी जायला मला निमित्त हवं होतं. कोणी विचारलंच तर काय सांगायचं, म्हणून मी बादली उचलली, विहिरीवर जाऊन पाणी काढलं, परत आले आणि त्या दोन्ही गोणपाटांवर तांब्या तांब्यानं पाणी ओतलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत, एकही दोरा कोरडा राहू नये असं. पाण्याच्या आवाजानं तो जागा होईल, आतून काही बोलेल, मग मला हाक मारावी लागणार नाही, असा माझा हिशेब होता. आतून कोणी बोललं नाही. कापडाची सगळी भोकं पाण्यानं बुजली. मी बादली ठेवली आणि पुन्हा झाडाखाली गेले.

किती वेळ गेला ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. पंधरा मिनिटं, कदाचित वीस. तेवढ्यात मी पुस्तकाचं पान उलटलं होतं, हेही मला आठवतं.

भिंतीवरचा तो काजळीचा पट्टा डोळ्यांसमोर आला तेव्हा मी उठले. सगळं एकदम कळलं असं झालं नाही. फक्त इतकंच वाटलं, की काजळी धरते म्हणजे ही शेगडीच, पेपरातल्या बातमीतली. मग पाय आपोआप पळायला लागले. मी गोणपाट ओढलं, ते वरच्या बांबूसकट खाली आलं.

मोहाच्या आंबूस वासाशिवाय दुसरा वास काहीच नव्हता. हे मला अजून भयंकर वाटतं. आत गार, ओलसर, शांत होतं, निजायला बोलावणारं. भाऊ उताणा पडला होता. चेहरा पांढरा पडला नव्हता, उलट गुलाबी होता, तापात लहान मुलाचा होतो तसा. ओठांच्या कडेनं लाळ आली होती. भावजय दाराकडे तोंड करून कुशीवर होती आणि तिचे डोळे अर्धवट उघडे होते. मी त्याचं नाव घेऊन ओरडले. त्याला हलवलं, थोबाडीत मारली. मान नुसती कलंडली. मी त्याच्या दोन्ही घोट्यांना धरून ओढायला लागले. धिप्पाड माणूस होता. उंबऱ्याशी त्याचं डोकं आपटलं तो आवाज मला अजून येतो.

म्हातारा पाळीवर होता. माझ्या ओरडण्यानं तो धावत आला. ऊन लागलं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, आत हवा नाही, तिला काढा. तो आत शिरला, भावजयीला खांद्यावर टाकून बाहेर आला, पुन्हा आत जाऊन सिलिंडरचं बटण फिरवून बंद केलं आणि एका झटक्यात फ्रीजची नळीच उपटून टाकली. मग खिडकीतली पळसाची पानं काठीनं ढोसून पाडली. मी भावाच्या छातीवर कान ठेवून बसले होते. आत काहीतरी धडधडत होतं, पण ते त्याचं होतं की माझं, हे मला कळत नव्हतं.

तो श्वास घेत होता. फार खोल, फार अंतरानं. दोन श्वासांच्या मधल्या जागेत मी काय काय कबूल केलं, कोणाकोणाला काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

गावात तेंदूपत्ता भरायला आलेली एक गाडी उभी होती. तिच्यात पोत्यांवर दोघांना निजवून दवाखान्यात नेलं. वाटेत भावजय ओकली आणि तिनं पाणी मागितलं. भाऊ ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी शुद्धीवर आला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, दार पूर्ण बंद होतं का? मी सांगितलं, गोणपाट जमिनीपासून वीतभर वर होतं. त्या वीतभर जागेनं वाचवलं, ते म्हणाले, आणि तुम्ही वेळेवर पोचलात. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. मी मान हलवली.

भाऊ घरी आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल तर तो फ्रीज मागवून बर्नर खोलला. आतल्या बारीक नळीत कोळ्याचं जुनं जाळं होतं. फ्रीज खोलीत नेताना ते सरकून हवा अडली होती, म्हणून ज्योत पिवळी. त्यानं ते जाळं काडीवर गुंडाळून मला दाखवलं. त्याला भीती वाटली नव्हती, नवल वाटलं होतं. पुढच्या वर्षी तो तोच फ्रीज घेऊन त्याच तलावावर गेला, फक्त फ्रीज बाहेर ठेवला, कायम. मी पण गेले. त्याला एकट्याला त्या ज्योतीजवळ सोडायची माझी तयारी नव्हती.

आणि तो सांगत सुटला. भेटेल त्याला, लग्नात, बसस्टँडवर, माझ्यासमोर. आमची बाई भेते म्हणून आम्ही हसत होतो, अन् तिच्याच भेवानं आम्ही वाचलो. ऐकणारे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. प्रत्येक वेळी मी ठरवायची की आज घरी गेल्यावर त्याला खरं सांगायचं. सहा वर्षांत घरी गेल्यावर पुष्कळ बोलणं झालं, हे झालं नाही.

या पावसाळ्याच्या शेवटी तो गेला. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि पेला हातातच राहिला. हृदय कमजोर होतं, डॉक्टर म्हणाले. तसला गॅस अंगात जास्त वेळ राहिला तर हृदयाला कायमची इजा होऊ शकते, असं मी पुढे कुठेतरी वाचलं होतं. किती वेळ म्हणजे जास्त, ते त्यात नव्हतं. डॉक्टरांना विचारायला मी दोनदा त्यांच्या खोलीबाहेर जाऊन बसले आणि दोनदा उठून आले. तिथेही एक दारच होतं.

अस्थी वैनगंगेत सोडल्या, तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी भावजयीकडेच राहिले. एका सकाळी ती परातीत तांदूळ निवडत होती आणि मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. दाराशी जाणं, परत फिरणं, बादली, तांब्या, पुस्तकाचं पान, शेवटी हृदयाचंही. ती मान वर न करता ऐकत होती. खडे काढायचं तिनं थांबवलं नाही.

"मी जागीच होती, बाई," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"हात हालत नोयता. आवाज निघत नोयता. तुमचे पाय दिसत होते पोत्याखालून. आले, गेले. मंग पानी टपकलं. मले वाटे, आता पोतं उचलतीन. मंग पाय गेले वापस."

मी म्हटलं, मग तू कधी बोलली का नाहीस? निदान त्याला तरी?

"त्यायले काय सांगू? किती कौतुक होतं त्यायले. बाईनं वाचवलं म्हनत." तिनं परात जराशी हलवली. "अन् वाचवलंच ना तुम्ही. उशिरा वाचवलं."

दोन खडे वेचून तिनं बाजूला टाकले. मग तिनं विचारलं, "गेल्या काऊन वापस, येवढं सांगा."

"तो हसेल म्हणून," मी म्हटलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागावली आहे की नाही ते मला वाचता आलं नाही. "हसलेच असते ते," ती म्हणाली, आणि परात घेऊन आत गेली. हृदयाबद्दल ती काहीच बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मी अजून तिच्याकडेच आहे. परत जायचं कोणी काढत नाही, ती नाही आणि मीही नाही. दुपारी जेवण झालं की ती पलीकडच्या खोलीत आडवी होते. दार उघडं ठेवते, खिडक्या उघड्या ठेवते, थंडीतसुद्धा. मी इकडे पुस्तक घेऊन बसते आणि कान तिकडे असतो. ती घोरत नाही. त्यामुळे ऐकण्यासारखं काही नसतं, आणि थोड्या वेळानं माझ्या हातातली ओळ पुढे सरकेनाशी होते. मग मी उठते. उंबऱ्याशी थांबत नाही, तशीच आत जाते, खाटेशी वाकून तिच्या नाकापुढे हात धरते. काल माझा हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला असावा.

"जित्ती आहो, बाई," ती डोळे न उघडता म्हणाली. "जा, झोपा आता."